मुलीच्या स्मरणार्थ जोधपूर ते जैसलमेर पायी: मार्ग, पाणी, मुक्काम यांची माहिती हवी

नीराकाठ

नमस्कार. माझी पुतणी, वय ९, गेल्या वर्षी २ फेब्रुवारीला गेली. भाऊ, वहिनी आणि जवळची माणसं मिळून आठ जण तिच्यासाठी थरच्या वाळवंटातून चालणार आहेत. सध्याचा बेत असा: २२ जानेवारीला जोधपूर सोडायचं, देचूवरून जाणाऱ्या हमरस्त्याने रोज २५ किलोमीटर चालायचं आणि २ फेब्रुवारीला जैसलमेरला पोचायचं. सामान पाठीवर. आठांपैकी तिघांनी आळंदी ते पंढरपूर वारी केली आहे, बाकीच्यांना सवय नाही. वहिनींना रात्री झोप लागत नाही, त्यांची औषधं चालू आहेत.

हे जमण्यासारखं आहे का? पाणी किती लागेल, मुक्काम कुठे करायचे? त्या भागात चाललेल्यांनी किंवा तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगावं.

---

धोरा_ते_धोरा

जमेल, पण तीन गोष्टी बदला: रस्ता, दिवस आणि २ तारखेचं ठिकाण.

आधी रस्ता. देचूचा मार्ग जवळचा, साधारण २८५ किलोमीटर. पण त्यावर लष्कराचे ट्रक आणि लांब पल्ल्याच्या बस भरधाव असतात. त्याऐवजी मंडोर, मथानिया, ओसियां, लोहावट, फलोदी, रामदेवरा, पोकरण, लाठी, चांदण, जैसलमेर असे जा. तीसेक किलोमीटर वाढतात. मात्र जोधपूर-जैसलमेर रेल्वे याच गावांवरून जाते. कुणाचा पाय गेला, ताप आला किंवा कुणाला पुढे जाववेना, तर जवळच्या स्टेशनावरून परत फिरता येतं. तुमच्या मंडळींसाठी मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मध्येच थांबायची सोय आहे हे माहीत असलं की माणूस ओढून-ताणून चालत नाही. सगळ्याच गाड्या सगळ्या स्टेशनांवर थांबत नाहीत, तेव्हा वेळापत्रक उतरवून जवळ ठेवा.

आता २ तारीख. ती शेवटच्या मुक्कामाला बांधू नका. एक दिवस मागे पडलात की उरलेले दिवस सगळे तारीख गाठायला धावतात, आणि दुखापती तेव्हाच होतात. ती मधल्या विश्रांतीच्या दिवशी ठेवा. फलोदीपासून पाचेक किलोमीटरवर खिचन आहे. सप्टेंबर ते मार्च तिथे हजारो कुरजां (कांड्या करकोचा) उतरतात. २ फेब्रुवारीला तिथेच असा.

म्हणजे दिवस असे पडतील: २६ जानेवारीला मंडोरहून सुरुवात, म्हणजे शहरातली गर्दी टळते. १ फेब्रुवारीपर्यंत फलोदी. सुमारे १४० किलोमीटर, सात दिवस. २ ला खिचन, चालणं नाही. ३ ते ५ रामदेवरा, साधारण ५० किलोमीटर. ६ ला पोकरण, जेमतेम १२. ७ ला विश्रांती. मग पोकरण ते जैसलमेर ११० किलोमीटर ८ ते १२ तारखांना. एकूण १८ दिवस, त्यातले १६ चालण्याचे, सरासरी २० किलोमीटर. पहिले तीन दिवस १६-१७ च्या वर जाऊ नका.

मुक्कामाचं सांगायचं तर ओसियां, फलोदी, रामदेवरा आणि पोकरणला धर्मशाळा किंवा हॉटेलं सहज मिळतात. रामदेवराला तर धर्मशाळांची रांग आहे, कारण भाद्रपदातल्या जत्रेला लाखो जातरू पायी येतात. मधल्या गावांत शाळेचं आवार किंवा एखादी ढाणी (शेतातली छोटी वस्ती), तेही आधी सरपंचांना फोन करून. माघ शुद्ध त्रयोदशी ते पौर्णिमा जैसलमेरला मरुमहोत्सव असतो, खोल्या महागतात; त्या वर्षीची तिथी पाहूनच शेवटचं आरक्षण करा.

पोकरणच्या पुढे लष्कराचं फायरिंग रेंज आहे. त्या टापूत रस्ता सोडून आडवाटेला जायचंच नाही, आणि पडलेला धातूचा तुकडा, मग तो कितीही निरुपद्रवी दिसो, हातात घ्यायचा नाही.

---

खेळीवरचं_पाणी

वारीची सवय पायांना उपयोगी पडेल, पाण्याच्या हिशोबाला नाही. वारीत पावलोपावली चहा-पाणी देणारा उभा असतो. लोहावटच्या अलीकडे-पलीकडे कधीकधी १० किलोमीटरपर्यंत टपरीही लागत नाही.

हिवाळ्यात माणशी रोज ५ लिटर धरा: साडेतीन पिण्याचे, बाकी स्वयंपाक आणि हातपाय धुण्याचे. आठ जणांचे ४० लिटर म्हणजे २० लिटरचे दोन जार, आणि तिसरा कायम भरलेला राखीव. हे पाठीवर नेता येत नाही, म्हणून गाडी हवीच. तिकडे मागे उघडा हौदा असलेल्या बोलेरोला ‘कॅम्पर’ म्हणतात, ती चालकासकट ठरवा. उंटगाडा देखणा असतो (त्याला विमानाची जुनी चाकं लावलेली असतात), पण इतक्या दिवसांसाठी गाडेवाला मिळणं आता कठीण, आणि कुणाला दवाखान्यात न्यायचं तर गाडीच लागते. गाडीने दर ४ किलोमीटरवर पुढे जाऊन थांबावं. मागोमाग रांगत आली तर धूळही खाल आणि अपघातही ओढवेल. प्रत्येकाच्या पाठीवर मात्र दीड लिटर पाणी, शेंगदाणे-गुळाचे लाडू आणि विंडचीटर असू द्या.

तिथलं भूजल पुष्कळ ठिकाणी खारं असतं, फ्लोराइडही जास्त. पाणी उकळल्याने जंतू मरतात. क्षार आणि फ्लोराइड जात नाहीत, उलट वाफ होऊन थोडे वाढतातच. म्हणून गावातल्या आरओ केंद्रावरून जार भरा किंवा कालव्याचं नळाचं पाणी घेऊन ते उकळा. टांक्यातलं (जमिनीखालच्या टाकीतलं) पाणी हे त्या घराने पावसाळ्यात साठवलेलं वर्षाचं पाणी असतं. विचारल्याशिवाय झाकणाला हात लावू नका, दिलं तर तहानेपुरतंच घ्या.

पायांना सगळ्यात त्रास भुरटाचा होतो. हे काटेरी बोंडांचं गवत मोज्यात आणि नाडीत अडकतं, बोटांनी काढावं तर बोटात मोडतं. एक छोटा चिमटा गळ्यात अडकवा आणि बुटांवर कापडी गेटर (घोट्यापर्यंतचं आवरण) घाला; वाळूही आत जात नाही. विलायती बाभळीचा काटा पातळ तळवा भेदून आत येतो, त्यामुळे धावण्याचे हलके बूट नकोत.

वाळूतून सलग चालायचा हट्ट धरू नका. भुसभुशीत वाळूत शक्ती दुपटीहून जास्त लागते आणि वेग ताशी दोन-अडीच किलोमीटरवर येतो. ओसियांला एका सकाळी स्थानिक माणसाबरोबर ५-६ किलोमीटर धोऱ्यांतून, म्हणजे वाळूच्या टेकड्यांतून, चाला. वाऱ्याकडची बाजू उताराने कमी आणि घट्ट असते, पलीकडची सरळ घसरते. दव असताना वाळू आणखी घट्ट असते.

---

वैद्यक_कट्टा

पाय, औषधं आणि थंडी यांबद्दल.

बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे, निदान १०० किलोमीटर वापरलेले. मोजे दोन थरांचे, सुती नकोत. ‘इथे जरा चुरचुरतंय’ असं वाटलं की त्याच क्षणी थांबून पाय कोरडा करा आणि चिकटपट्टी लावा. पुढच्या गावापर्यंत चाललात तर तिथे फोड असतो. फोड मोठा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा, वरची त्वचा ठेवा, पोव्हिडोन आयोडिन लावून झाका. मधुमेही व्यक्तीने फोड स्वतः फोडायचा नाही. वाहनं समोरून दिसावीत म्हणून रस्त्याच्या उजव्या बाजूने चालाल. डांबराचा कडेचा उतार एकाच गुडघ्यावर रोज ताण देतो, तेव्हा शक्यतो डांबराखाली उतरून सपाट पट्टीवरून चाला.

नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं सोडियम घसरतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण दिसलं की लोक आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती बिघडते. दिवसाला एक लिटर ओआरएस ठेवा. मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घालायचं, अर्ध्या बाटलीत नाही. पाय दुखतात म्हणून रोज डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडांना मारक ठरतात. पॅरासिटॅमॉल घ्या, तेही मर्यादेत.

तुमच्या वहिनींच्या डॉक्टरांना हा बेत दिवसवार दाखवा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी घाम वाढतो, काहींनी तोंड कोरडं पडतं. लिथियम चालू असेल तर पाणी कमी पडणं धोक्याचं, रक्तातली पातळी तपासूनच निघावं. झोपेच्या गोळीचा अंमल सकाळी उरला तर रस्त्याकडेने चालणं बरं नव्हे. प्रवासापुरती म्हणून कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

दुःखात भूक आणि तहान दोन्ही कळेनाशा होतात. मी प्यायले, मी खाल्लं, हे खरं वाटत असतं, बाटली मात्र भरलेली असते. त्यामुळे कुटुंबाबाहेरच्या एकाकडे हे काम द्या: दर थांब्यावर भाऊ आणि वहिनी दोघांच्या बाटल्या बघायच्या. त्यानेच त्या दिवशी चालायचं की गाडीत बसायचं, हेही ठरवायचं. आई-वडिलांवर तो निर्णय टाकू नका, ते नाही म्हणणार नाहीत.

थंडी हलकी समजू नका. दिवसा २२ ते २६ अंश असतं, पण रात्री उघड्यावर ५-६ पर्यंत उतरतं. मध्येच मावठ, म्हणजे हिवाळी पाऊस, आला तर भिजलेली माणसं गारठतात. शून्य अंशाला चालणारी स्लीपिंग बॅग, खाली जाड फोम. हवा भरायची गादी नको, काट्याने एका रात्रीत बसते. सूर्य सव्वासात-साडेसातला उगवतो. आठला निघून एकपर्यंत मोठा टप्पा उरका, साडेपाचच्या पुढे रस्त्यावर राहू नका. चमकणारी जाकिटं सगळ्यांना.

---

नीराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तारखा बदलतो, गाडी ठरवतो. आणखी दोन प्रश्न. वाटेत तिच्या नावाचा छोटा दगड लावावा आणि एक झाड लावावं, असं वहिनींच्या मनात आहे. आणि थोडी रक्षा वाळूत सोडावी का? शिवाय नेटवर्क नसेल तर सॅटेलाइट फोन भाड्याने घ्यावा का?

---

धोरा_ते_धोरा

फोनचं आधी: घेऊ नका. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन आपल्याकडे बेकायदा आहे आणि उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या छोट्या उपकरणांचंही तेच. सीमेच्या जिल्ह्यात ते सापडलं तर थेट चौकशी. ड्रोनही नको. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं, आधी उतरवलेले नकाशे आणि आधारची मूळ प्रत पुरते. प्रत्येक तालुक्याच्या पोलीस ठाण्याला नावांची यादी देऊन ठेवा. जैसलमेरच्या पश्चिमेला सीमेकडे आणखी चालायचं मनात आलं तर उपजिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते का, ते आधी विचारा.

---

खेळीवरचं_पाणी

ज्याला आपण मोकळी वाळू म्हणतो ती बहुतेकदा कुणाची गोचर (गायरान) किंवा ओरण असते. ओरण म्हणजे देवराई. तिथली वाळलेली फांदीसुद्धा तोडत नाहीत, मग दगड रोवणं दूरच. रक्षेबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. फक्त नाडी (गावतळं), टांका किंवा तलावात काही सोडू नका. ते पिण्याचं पाणी आहे.

झाड लावायचं तर तिकडची खेजडी, म्हणजे आपली शमी. जानेवारीत लावलेलं रोप सहसा जगत नाही. जुलैत, पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावं लागतं, शेळ्यांपासून कुंपण आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी हवं. हे करणारं माणूस गावातच हवं. एखाद्या शाळेने जबाबदारी घेतली तर रोप, जाळी आणि पाण्याचा खर्च द्या, नाहीतर नको.

तिकडे वारलेल्या माणसाच्या नावाने प्याऊ (पाणपोई) किंवा जनावरांसाठी खेळी बांधायची जुनी रीत आहे. खेळी म्हणजे सिमेंटची लांबट डोणी. त्यावर नाव कोरलेलं कुणालाही खटकत नाही आणि गायी, शेळ्या, हरणं तिथे पितात. पण पाणी कोण सोडणार, वीजबिल कोण भरणार, हे पंचायतीकडून लिहून घ्या. कोरड्या पडलेल्या खेळ्या तिथे कमी नाहीत. जुनी फुटलेली खेळी दुरुस्त करून देणं अनेकदा नवीनपेक्षा उपयोगी.

आणि २ तारखेसाठी: खिचनला चुग्गाघरात, म्हणजे पाखरांना दाणे घालायच्या आवारात, कुरजांना रोज ज्वारी घालतात, ती लोकांच्या देणगीतून येते. तिच्या नावाने काही पोती देता येतील. आधी गावातल्या व्यवस्थापकांशी बोला, धान्य तिथूनच घ्या आणि पाखरांपुढे टाकायचं काम त्यांच्याच माणसांना करू द्या. अनोळखी माणूस आत दिसला तर थवा उतरत नाही. सूर्योदयाआधी शेजारच्या गच्चीवर जाऊन बसा, भडक कपडे नकोत, बोलणं हळू. पाखरं साडेसात-आठच्या सुमारास उतरायला लागतात, मग उन्हं चढली की तळ्याकडे जातात. मंडळींना घाई करू नका, त्या दिवशी दुसरं काहीच ठेवू नका.