मदत हवी आहे : एसी-हेडलाइट लावले की बॅटरीचा लाल दिवा मिणमिणतो

मंडळी, गाडी २००९ची पेट्रोल हॅचबॅक. राहतो वारज्यात, ऑफिस हडपसरला, म्हणजे रोज ट्रॅफिकमध्ये रांगत जाणं आलंच.

पाऊस सुरू झाल्यापासून संध्याकाळी परतताना डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा लागतो. पूर्ण नाही, अगदी मंद. दिवसा लागत असला तरी दिसायचा नाही. हेडलाइट, वायपर, एसी एकदम चालू असले की लागतो, एसी आणि हेडलाइट बंद केले की जातो. रेस दिली तरी फरक पडत नाही.

बॅटरीवाला म्हणतो बॅटरी गेली (अजून वॉरंटीत आहे!). गॅरेजवाला म्हणतो अख्खा अल्टरनेटर (इंजिन चालू असताना वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा भाग) बदला. मीटर दोघांनीही हातात घेतला नाही, म्हणून मीच मल्टिमीटर आणला. बॅटरीवरची रीडिंग (व्होल्टमध्ये) : सकाळी गाडी सुरू करण्याआधी १२.२, सुरू केल्यावर सगळं बंद ठेवून १३.६, सगळं लावून १२.६.

अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट नवा आहे, ताण ठीक आहे, सकाळी चीं-चीं करत नाही. टर्मिनलवरची हिरवी-पांढरी पूड खायचा सोडा आणि गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावलं. दिवा आहे तसाच.

शनिवारी आईला साताऱ्याला न्यायचंय. या पावसात खंबाटकी घाट चढू का? आणि नक्की काय बदलू?

प्रतिसाद :
दिव्यावर चित्र बॅटरीचं असलं तरी तो चार्जिंगचा दिवा आहे. चांगली बॅटरी नुसती उभी असताना १२.६च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. गाडी सुरू असताना १३.८ ते १४.५ हवेत. तुमची बॅटरी उपाशी आहे, मेलेली नाही. मला अल्टरनेटरच्या आतले कार्बन ब्रश घासलेले वाटतात. ब्रश आणि कटआउट (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर) सुटे मिळतात, नाना पेठेत चक्कर मारा. अख्खा अल्टरनेटर कशाला?

प्रतिसाद :
वरच्या दादांशी थोडा असहमत. ब्रश गेले असते तर दिवा रेसबरोबर कमी-जास्त झाला असता, खड्ड्यात फडफडला असता. इथे तो फक्त लोडवर हलतोय, ही खूण महत्त्वाची.

जुन्या गाड्यांत त्या बल्बची एक बाजू इग्निशन स्विचमधून बॅटरीकडे असते, दुसरी अल्टरनेटरकडे. दोन्हीकडे सारखे व्होल्ट असले की बल्ब विझतो. मंद पेटला म्हणजे दोन्हीकडे फरक आहे. मग एक तर अल्टरनेटरच्या आतला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलाय, नाहीतर अल्टरनेटर बनवतोय पण बॅटरीपर्यंत पोचत नाहीये.

सगळं लावून इंजिन चालू ठेवा. मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर (नट नव्हे, बोल्टच्या टोकावर), काळी अल्टरनेटरच्या बॉडीवर. मग बोल्ट ते बॅटरी प्लस, आणि बॉडी ते बॅटरी मायनस. पान्याचा त्या बोल्टला आणि बॉडीला एकदम स्पर्श होऊ देऊ नका, ओढणी-शर्टाची बाही बेल्टपासून लांब.

आणि कोणी ‘चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघा’ म्हणालं तर ऐकू नका. व्होल्टेज उसळून ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) जातो, तो अल्टरनेटरपेक्षा महाग.

धागाकर्ता :
बोल्ट ते बॉडी १४.१. बोल्ट ते बॅटरी प्लस १.४. बॉडी ते मायनस ०.१.

प्रतिसाद :
मग अल्टरनेटर निर्दोष सुटला! अर्थिंगही (मायनसची वाट) ठीक. १.४ व्होल्ट प्लसच्या वाटेत जळतायत, तिथे ०.२-०.३च्या वर जायला नको. एक पिन बोल्टवरच ठेवा, दुसरी पुढे-पुढे सरकवा : आधी केबलच्या थिंबलवर (केबलच्या टोकाची, बोल्टवर बसणारी धातूची कडी), मग बॉनेटखालच्या मेन फ्यूजच्या अलीकडे, मग पलीकडे. आकडा जिथे उडी मारेल तिथे दोष.

धागाकर्ता :
थिंबलवरच १.१! रबरी टोपी सरकवली तर आत प्लास्टिक काळं पडलंय आणि नट हाताने फिरतोय.

प्रतिसाद :
बॅटरीचं मायनस आधी काढा, अल्टरनेटरची ती जाड वायर कायम जिवंत असते. थिंबल नवं क्रिम्प करून (दाबून बसवून) घ्या. आतली तार काळी-हिरवी निघाली तर केबलच बदला, जुनीपेक्षा बारीक नको. मग बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करा, निम्मी बॅटरी अल्टरनेटरला उगाच राबवते. सगळं लावून बॅटरीवर १३.८च्या वर आले तर शनिवारी खुशाल निघा.

वाटेत दिवा भक्कन पूर्ण लागला तर मात्र आधी टेंपरेचरचा काटा बघा. काही गाड्यांत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असतो. काटा चढत असेल तर तिथेच थांबा. नसेल तर एसी बंद, इंजिन बंद करू नका, आणि घाट लागण्याआधी शिरवळला इलेक्ट्रिशियन गाठा.

धागाकर्ता :
थिंबल उद्या सकाळी करून घेतो. केबल किती चौरस मिमीची आहे ते जुनीवरच छापलेलं असतं का?