मदत हवी आहे: घरी शिकणाऱ्या मुलीची दहावी (आणि मोत्या)

नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंडला राहतो. लेक १३ वर्षांची, घरीच शिकते. सासूबाईंचा एकच धोशा, "दहावीचं काय?" एनआयओएसच्या (म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या) दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय, मराठी माध्यमही आहे, एवढं कळलंय. कुणाच्या मुलांनी मराठीतून दिलीय का? गणिताची पुस्तकं झेपली का? आणि पुढे मुंबईत अकरावीच्या प्रवेशाला काही खुसपट निघालं का?

दुसरं, आमचा कुत्रा मोत्या. इतिहास ती त्यालाच मोठ्याने वाचून दाखवते. तो पुस्तकावर पंजा टाकून घोरतो, पानिपत आलं तरी! पण फटाका वाजला की थेट मोरीत. मग हीसुद्धा पाट घेऊन तिथेच, अभ्यास बंद. डॉक्टरांनी मोत्यासाठी गोळी दिलीय, पण मन धजत नाही. गणपती-दिवाळीत तुम्ही काय करता?