संध्याकाळी सात वाजले की वाय-फाय जातं, दहावीचा तास अर्धवट राहतो. मदत हवी आहे

चिऱ्याचं_घर

नमस्कार. आम्ही लांज्याजवळच्या एका वाडीत राहतो. मी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, सोमवार ते शनिवार, संध्याकाळी सात ते साडेआठ. चौदा मुलं आहेत. काही इथली, काही बोरिवली-नालासोपाऱ्याला गेलेल्या आमच्याच गावच्या घरांतली.

राऊटर ओटीवर आहे, टीव्हीच्या शेजारी. मी मागच्या पडवीतल्या खोलीत बसते, कारण संध्याकाळी ओटीवर माणसांची ये-जा असते. मधे माजघर. म्हणजे जांभ्याच्या दोन भिंती, प्रत्येक जवळजवळ पंधरा इंच जाड.

होतं असं की उदाहरण अर्ध्यावर असताना चित्र थांबतं, नेट पूर्ण जातं आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप परत येतं. कधी तासात एकदा, कधी चारदा. सकाळी मी पेपर तपासते, व्हिडिओ चढवते, तेव्हा सहसा होत नाही. काल वर्गसमीकरणाच्या सूत्रात किमती भरल्या आणि गेलं. परत आले तर पाच मुलं बाहेर पडलेली होती. त्यातल्या एका मुलीला आईचा फोन फक्त सात ते आठ मिळतो, तिचा तास तिथेच संपला. बोर्डाची परीक्षा तीन महिन्यांवर आली आहे, म्हणून फार जीव टांगणीला लागला आहे.

आतापर्यंत राऊटर कितीदा तरी बंद-चालू केला, पासवर्ड बदलला, वेगाचा ५० चा प्लॅन १०० चा केला. फरक शून्य. केबलवाले दादा दोनदा येऊन गेले. त्यांनी फायबरची पिन बदलली, मीटर लावला, उणे १९ दाखवलं आणि लाईन ओके आहे म्हणाले. घरात इन्व्हर्टर आहे, राऊटर त्यावरच आहे. पडवीत मोबाईलला एक काडी रेंज येते, त्यामुळे हॉटस्पॉटवर तास घेता येत नाही.

त्रास गणपतीपासून सुरू झाला. आधी दीड वर्ष हाच राऊटर, हीच खोली, आणि असं कधी झालं नव्हतं. आता वाय-फाय पकडून पुढे पाठवणारा रिपीटर घ्यावा का? दोन-अडीच हजार रुपये घालायचे तर उपयोग व्हायला हवा.

तिसरा_मजला_कोथरूड

ताई, आधी चॅनल बदलून बघा. राऊटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झसाठी ‘ऑटो’ असतं, ते काढून १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठेवा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. आमच्या इमारतीत फोनवर सत्तावीस वाय-फाय दिसतात. संध्याकाळी सगळे घरी आले की आमचंही असंच रडगाणं असायचं. चॅनल ११ केला, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाकला आणि सुटलो.

जुना_लाईनमन

ताई, रिपीटर आत्ता घेऊ नका. मी सांगलीकडचा. एकतीस वर्षं टेलिफोनच्या लाईनवर काढली, शेवटची काही फायबरवर. लोकांचे पैसे चुकीच्या जागी जाताना फार पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोथरूडच्या दादांचं म्हणणं शहरातल्या इमारतीला लागू आहे. तुमच्या वाडीत फोनवर किती वाय-फाय दिसतात? दोन, फार तर तीन. तिथे चॅनलची गर्दी हे कारण असणं अवघड आहे.

तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे ‘दोन-तीन मिनिटांनी आपोआप परत येतं’. सिग्नल कमजोर असेल तर नेट अडखळतं, चित्र फुटतं, काही सेकंदांत सावरतं. ते प्रत्येक वेळी मोजून दोन-तीन मिनिटं जात नाही. फायबरचा डबा, म्हणजे तुमचा राऊटर, बंद होऊन पुन्हा उभा राहायला, लाईनशी ओळख पटवून घ्यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे ‘गणपतीपासून’. गणपतीत घरात काय हललं, ते नीट आठवा.

उणे १९ हे माप चांगलं आहे. उणे २७ च्या खाली गेलं की डब्याला प्रकाश वाचताच येत नाही, तुम्ही त्यापासून बऱ्याच लांब आहात. म्हणजे केबलवाल्याने लाईन बरोबर सांगितली आहे.

आता उद्या तासाच्या वेळी एवढं करा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडा. एकीत पिंग, मग १९२.१६८.१.१, मग वजा टी. दुसरीत तसंच, फक्त मधला आकडा ८.८.८.८. हे अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा सोडून टाईप करायचं. पहिली खिडकी तुमच्याच राऊटरला हाक मारते, दुसरी बाहेर गूगलच्या सर्व्हरला. राऊटरचा पत्ता वेगळा असेल तर तो डब्याच्या खालच्या चिठ्ठीवर सापडेल. नेट जाईल तेव्हा दुसरीच खिडकी थांबली आणि पहिली चालू राहिली, तर दोष बाहेर. दोन्ही एकदम थांबल्या, तर दोष तुमच्या घरात, मग तो हवेतला असो की डब्यातला.

आणि कोणाला तरी ओटीवर डब्यासमोर बसवा. नेट गेल्यावर त्याचे दिवे काय करतात ते डोळ्यांनी बघायला सांगा. लाल दिवा लागला तर लाईन. सगळे दिवे जसेच्या तसे राहिले तर वाय-फाय. सगळेच विझले तर करंट.

देवगड_माडी

आमचंही घर चिऱ्याचंच आहे. जांभा वाय-फायला फार खातो, आणि पावसात भिंत ओल धरते तेव्हा आणखी. ५ गिगाहर्ट्झ तर आमच्याकडे एका भिंतीपलीकडेच मरतं. पडवीत बसून फोनवर सिग्नलचा आकडा बघा, त्यासाठी फुकट ॲप मिळतात. उणे ६५ च्या आसपास असेल तर व्हिडिओवर तास नीट होतो, उणे ७५ च्या पलीकडे गेलं की ओढाताण. पण लाईनमन काका म्हणतात ते आधी करा.

चिऱ्याचं_घर

काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. काल केलं सगळं.

दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून शिकवत होते. राऊटरची खिडकी बहुतेक वेळ ३ ते ८ मिलिसेकंद दाखवत होती, मधेच एखादा आकडा १५० वर जायचा. सात चोवीसला दोन्ही खिडक्यांत एकाच क्षणी ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ यायला लागलं.

ओटीवर आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, बसले होते. त्यांना म्हटलं होतं फक्त बघा. त्यांनी नातवाची चौकटीची वही घेतली, खुर्ची डब्यासमोर ओढली, मनगटावरचं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं आणि दीड तास जागचे हलले नाहीत. त्यांच्या अक्षरात असं आहे: ‘७.२४ सर्व दिवे गेले. लगेच एक हिरवा. ७.२५ दुसरा लुकलुकतो. ७.२७ सर्व पूर्ववत. ८.०२ पुन्हा तसेच. घरातील लाईट गेली नव्हती. पंखा चालू होता.’

सिग्नल पडवीत उणे ७६ आला. ओटीवर उणे ४१.

गणपतीत काय हललं तेही लिहिते. ओटीवर मखर घालतो तेव्हा टीव्ही, त्याखालचं टेबल, राऊटर, सेट-टॉप बॉक्स सगळं माजघरात नेतो. भिंतींना चुनाही त्याच आठवड्यात दिला. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की परत लावतो. ते नेहमीचंच आहे, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

जुना_लाईनमन

अप्पांना माझा नमस्कार सांगा. अशी नोंद करणारा माणूस लाईनवर सोबत असता तर माझी निम्मी पायपीट वाचली असती.

‘सर्व दिवे गेले, पंखा चालू होता.’ यातच उत्तर आहे. डब्याचा करंट तुटतोय. आता उठा आणि राऊटरचा ॲडॅप्टर प्लगमधून काढून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. ‘आउटपुट’ लिहिलेलं असेल, त्यापुढे व्होल्ट आणि अँपिअर. मग राऊटर उलटा करून त्याला काय हवं ते वाचा. शेवटी सेट-टॉप बॉक्सचा ॲडॅप्टर वाचा. या डब्यांच्या पिना बऱ्याचदा एकाच मापाच्या असतात, हातात घेऊन फरक कळत नाही.

चिऱ्याचं_घर

काका! राऊटरच्या खाली १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलं आहे. त्याला लावलेला ॲडॅप्टर १२ व्होल्ट, १ अँपिअरचा आहे. आणि २ चा सेट-टॉप बॉक्सला आहे. दोन्ही काळे, दोन्हींची पिन सारखीच. राऊटरचा हातात घेतला तर तापलेल्या तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा गरम होता, तोही दुपारी.

म्हणजे मखर उतरवल्यावर परत लावताना अदलाबदल झाली. मग सकाळी का चालत होतं?

जुना_लाईनमन

सकाळी त्याच्यावर तुम्ही एकट्याच होता. संध्याकाळी घरातले सगळे फोन येऊन जोडले जातात, कोणी मॅच बघतं, कोणी गाणी, आणि तुमचं चित्र चौदा घरांकडे निघालेलं असतं. काम वाढलं की डबा करंट जास्त ओढतो. ॲडॅप्टर १ अँपिअरचा, तेवढं देऊ शकत नाही, त्याचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि डबा नव्याने सुरू होतो. एक बैल दोन बैलांचा नांगर सपाटीला ओढेल, चढाला बसेल.

गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, त्यामुळे असं होतं असं बरेच जण सांगतील. चांगल्या ॲडॅप्टरला त्याचा त्रास नसतो. त्यावर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि तेवढ्यात तो आपलं १२ व्होल्ट सोडत नाही.

दोन्ही बंद करून अदलाबदल करा. मग राऊटरच्या पानावर ‘सिस्टीम अपटाईम’ शोधा. डबा किती वेळ न थांबता चालू आहे ते तिथे दिसतं. रोज रात्री एकदा बघत जा.

देवगड_माडी

आणि पडवीतले उणे ७६ मात्र ॲडॅप्टरने सुधारणार नाहीत. त्यासाठीही रिपीटर नको. तो ज्या हवेवर ऐकतो त्याच हवेवर बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो माजघरात ठेवणार, म्हणजे त्यालाही एक भिंत आहेच.

आम्ही ओटीवरून मागे नेटची केबल नेली, कॅट सिक्स प्रकारची. घरात पडून असलेला जुना राऊटर तिच्या टोकाला लावला. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, त्याचं डीएचसीपी, म्हणजे फोनना पत्ते वाटायचं काम, बंद केलं आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घातली, बाहेरच्या लाईनसाठी असलेल्या वॅनमध्ये नाही. नाव आणि पासवर्ड पुढच्या राऊटरचाच ठेवला, चॅनल मात्र वेगळा, पुढे १ आणि मागे ११. केबल वळचणीखालून बाहेरून नेऊ नका, माळ्यावरून आतून न्या. तांब्याची तार आहे, आपल्याकडे ऑक्टोबरात आणि मे महिन्यात विजा कशा पडतात ते तुम्हाला सांगायला नको. गडगडायला लागलं की मी दोन्ही टोकं काढून ठेवते. माळ्यावर उंदीर असतील तर केबल पाईपमध्ये घाला, आमची पहिली केबल त्यांनीच कुरतडली होती.

चिऱ्याचं_घर

आज नववा दिवस. अपटाईम ८ दिवस २१ तास. एकदाही गेलं नाही.

पहिल्या दिवशी सात वाजता छातीत धडधडत होतं. त्रिकोणमितीचा आख्खा तास झाला, मुलांनी प्रश्न विचारले, आठ बत्तीसला मीच बंद केलं. आईचा फोन घेऊन बसणारी मुलगी शेवटपर्यंत होती, तिच्या आईने त्या दिवशी फोन साडेआठपर्यंत दिला.

देवगडच्या ताई, केबलही टाकली. बावीस मीटर लागली, माळ्यावरून, अर्धा इंची पाईपमधून. नवऱ्याचा जुना राऊटर कपाटात होता तोच लावला. डीएचसीपी बंद करायचं पहिल्या वेळी राहिलं आणि दोन फोनना नेट मिळेना, मग तुमचा निरोप पुन्हा वाचला. आता पडवीत उणे ४४ येतं. सगळा खर्च नऊशे रुपयांच्या आत झाला.

दोन्ही ॲडॅप्टरना मी लाल दोरा आणि पांढरा दोरा बांधला आहे, आणि तेच दोरे त्या त्या डब्यालाही. पुढच्या गणपतीत कोणीही लावलं तरी चुकायला नको. केबलवाल्या दादांनाही फोन करून सांगितलं. त्यांच्या आणखी दोन घरांत गणपतीनंतर अशीच तक्रार आहे म्हणाले, तिथे ते उद्या बघणार आहेत.

एकच शंका राहिली. सेट-टॉप बॉक्सला एवढे दिवस २ अँपिअरचा लागला होता. त्याला काही इजा झाली असेल का?

जुना_लाईनमन

नाही. व्होल्ट सारखे असले की डबा त्याला हवा तेवढाच करंट घेतो, वरचा शिल्लक राहतो. काळजी त्या १ अँपिअरवाल्याची करा. अडीच महिने तो कुवतीबाहेर तापला आहे. टीव्ही मधेच बंद पडू लागला, किंवा ॲडॅप्टरमधून बारीक गुणगुण ऐकू आली, तर तो काढून नवा १२ व्होल्टचाच घ्या. पिनेच्या आत अधिक आणि बाहेर वजा आहे ना, ते जुन्यावरच्या चित्राशी जुळवून मगच लावा.