मदत हवी आहे: अमेरिकेत फेडरल ट्रायल जज होण्यासाठी सुरुवात कुठून?

भाची न्यू जर्सीत लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अमेरिकन नागरिक. तिला फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात (केंद्रीय खटले पहिल्यांदा चालतात ते कोर्ट) जज व्हायचंय. आपल्यासारखी परीक्षा तिथे नाही. राष्ट्राध्यक्ष नाव देतात, सिनेट मंजूर करतं, हे माहीत आहे. जजांची चरित्रं वाचली, पण गोंधळ वाढला. सोटोमायॉर (आता सुप्रीम कोर्टात जज) क्लर्कशिप (जजच्या हाताखाली कायद्याच्या कामात मदतनीस) न करता मॅनहॅटनमध्ये सरकारी वकील, मग खासगी वकिली, १९९२ला जज. केतांजी ब्राउन जॅक्सन (त्याही आता सुप्रीम कोर्टात) यांनी क्लर्कशिप केली, पब्लिक डिफेंडर (वकील परवडत नाही अशा आरोपींच्या सरकारी खर्चाच्या वकील) होत्या, २०१३ला जज. घरात राजकीय ओळखी नाहीत, शैक्षणिक कर्ज आहे. मॅजिस्ट्रेट जजला (डिस्ट्रिक्ट जजांना कामात मदत करणारा दुय्यम जज) डिस्ट्रिक्ट कोर्टच ८ वर्षांसाठी नेमतं, तो मार्ग मला जास्त आवाक्यातला वाटतो. तिथल्या वकिलांनी कृपया सांगावं: आधी ट्रायल जजकडे क्लर्कशिप, की थेट सरकारी वकिली? आणि मॅजिस्ट्रेटवरून डिस्ट्रिक्ट जज होणं कितपत शक्य असतं?