मदत हवी आहे: सीडी-आरडब्ल्यूला ४एक्स सेट केलं तरी रायटर १६एक्सनेच का मारतो?

टेपवाला_सांगली
मंडळी, कुणाला माहीत असेल तर सांगा राव, डोकं फिरायची वेळ आलीय. बाबांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यात आणि त्यांची ऑडिओ सीडी करून बाबांच्या म्युझिक सिस्टीमला लावायचीय, सिस्टीम नव्वदच्या दशकातली, यूएसबी बियूएसबी काही नाही. परत परत पुसता येते म्हणून आरडब्ल्यू घेतली. ऑडिओ सीडी स्लो स्पीडला राइट करावी असं सगळेच सांगतात म्हणून इमेजबर्नमधे (सीडी राइट करायचं सॉफ्टवेअर) ४एक्स, म्हणजे वाजायच्या वेगाच्या चौपट, निवडलं, तर हा पठ्ठ्या पाच-सहा मिनिटांत काम उरकून मोकळा! ८० मिनिटांची फुल सीडी ४एक्सला २० मिनिटं घेईल ना? म्हणजे सरळ १६ने मारतोय. दुसरं सॉफ्टवेअर टाकून बघितलं, तेच. वर सिस्टीम ती सीडी घेतच नाही, ‘नो डिस्क’ दाखवते, कॉम्प्युटरवर मात्र छान वाजते. रायटर यूएसबीवाला आहे. तो गेलाय का सॉफ्टवेअरचा घोळ? नवीन घ्यायच्या आधी विचारतोय.

भुंगा
पेनड्राइव्ह आणि ब्लूटूथ स्पीकर घ्या, संपला विषय. सीडी कोण वापरतं आता

टेपवाला_सांगली
भुंगा, बाबा वापरतात. मोबाईलला हात लावत नाहीत ते. धाग्याचा विषय स्पीड आहे.

लेझरकाका
रायटर ठणठणीत आहे, पैसे घालवू नका. डिस्कच्या पाकिटावर ‘अल्ट्रा स्पीड १६एक्स-२४एक्स’ असं काहीतरी छापलेलं असणार, बघा जरा.

सॉफ्टवेअरमधे स्पीड निवडणं म्हणजे एसटीला हात दाखवणं, थांबवायची की नाही ते ड्रायव्हर ठरवणार. सॉफ्टवेअर ड्राइव्हला, म्हणजे रायटरला, फक्त सांगतं की अमुक स्पीड हवाय, आणि ड्राइव्ह त्याच्याकडे त्या डिस्कसाठी जे स्पीड आहेत त्यातला जवळचा घेतो. एररही देत नाही, गुपचूप घेतो, म्हणून माणसाला वाटतं की ऐकतच नाही.

आता ४ का नाही, तर आरडब्ल्यूमधे सीडी-आरसारखा (एकदाच लिहिता येते ती) रंगद्रव्याचा थर नसतो, चांदी-इंडियम-अँटिमनी-टेल्युरियम असल्या मिश्रधातूचा असतो. लेझर फुल पॉवरला गेला की तेवढा ठिपका वितळतो आणि झटकन गार झाला तर अमॉर्फस, म्हणजे क्रिस्टल न झालेला, राहतो, कमी चकाकतो, तीच खूण. मधल्या पॉवरला, वितळू न देता नुसता तापवला की परत क्रिस्टल होतो, म्हणजे पुसला जातो. जुनं पुसणं आणि नवीन लिहिणं एकाच फेरीत चालतं. जास्त स्पीडच्या डिस्कवरून लेझर भर्रकन जातो, पुसायला वेळच मिळत नाही, म्हणून तिचा थर मुद्दाम पटकन क्रिस्टल होणारा बनवतात. आता तीच डिस्क ४एक्सने हळू फिरवली तर वितळलेला ठिपका गार होता होताच परत क्रिस्टल होऊन बसतो, खूण धड उमटतच नाही. उलटंही तसंच, जुनी ४एक्सवाली २४ने फिरवली तर आधीचं नीट पुसलं जाणार नाही. म्हणून आरडब्ल्यूला वरची मर्यादा असते तशी खालचीही असते, आणि हे लोकांना माहीतच नसतं.

ही रेंज कोऱ्या डिस्कच्या खोबणीतच कोरलेली असते, एटिप म्हणतात त्याला. डिस्क आत गेली की ड्राइव्ह आधी ते वाचतो. पहिल्या पिढीच्या आरडब्ल्यू ४एक्सपर्यंतच्या, मग हाय स्पीड ४ ते १२, मग तुमची अल्ट्रा. इमेजबर्नच्या स्पीडच्या यादीवर जाऊ नका, ती सरसकट सगळे आकडे दाखवते. उजवीकडे डिस्कची माहिती येते त्यात ‘सपोर्टेड राइट स्पीड्स’ बघा, खरं काय ते तिथे असतं.

टर्मिनलवाली
लिनक्सवर सीडीरेकॉर्ड किंवा वोडिम या सीडी लिहायच्या प्रोग्रॅमला एटिपचा ऑप्शन दिला की ‘स्पीड लो’ आणि ‘स्पीड हाय’ असे आकडे छापून येतात, तेच बघायचं.

काका, जाता जाता माझंही, डीव्हीडी+आरडब्ल्यू ४एक्सची आहे, मी २.४ मागते, इमेजबर्न लॉगमधे ‘राइट स्पीड मिसकंपेअर’ म्हणून बोंबलतं आणि ४नेच लिहितं. काळजीचं आहे का?

लेझरकाका
नाही. तुमच्या ड्राइव्हच्या फर्मवेअरमधे (ड्राइव्हच्या आतलंच सॉफ्टवेअर) त्या डिस्कच्या कोडसाठी फक्त ४ची सेटिंग असेल, म्हणजे लेझरची पॉवर किती आणि पल्स कशी द्यायची ते. मागितलेला आणि मिळालेला स्पीड वेगळा, एवढंच तो मेसेज सांगतो. आणि डीव्हीडीचा ४एक्स सीडीच्या ४एक्सशी ताडून बघू नका हं, सीडीचा १एक्स सेकंदाला १५० केबी, डीव्हीडीचा १३८५. बर्न झाल्यावर व्हेरिफाय पास झालं तर निवांत राहा.

टेपवाला_सांगली
काका बरोब्बर! पाकिटावर अल्ट्रा स्पीडच आहे आणि उजवीकडे फक्त १६एक्स, २४एक्स दिसतंय, आणि लॉगमधे तो मिसकंपेअरही आहे, मी कधी लॉग उघडलाच नव्हता. मग आता हाय स्पीडची जुनी डिस्क शोधून ४ने राइट करू का? सिस्टीम घेईल?

लेझरकाका
शोधू नका, उपयोग नाही. सिस्टीमचं दुखणं स्पीड नाहीच. कंपनीतून छापून आलेली सीडी ७० टक्के किंवा जास्त प्रकाश परत पाठवते, सीडी-आर जवळपास तेवढाच, आरडब्ल्यू मात्र जेमतेम १५ ते २५ टक्के. त्या काळातल्या बऱ्याच प्लेअरना एवढ्या मंद प्रकाशात डिस्क आहे हेच कळत नाही, म्हणून ‘नो डिस्क’. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह सिग्नल वाढवून घेतो, म्हणून तिथे वाजते. तुम्ही १ने लिहा नाहीतर २४ने, चकाकी काय वाढणार आहे?

साधी सीडी-आर आणा, १६एक्सला राइट करा, डिस्क-ॲट-वन्स (सगळी सीडी एका दमात) करून क्लोज करा, म्हणजे पुढे काही भरता येणार नाही अशी बंद. आणि एमपीथ्री फाइली डेटा म्हणून टाकू नका, ऑडिओ सीडीच बनवा.

भुंगा
सीडी-आर तरी मिळते का अजून

टेपवाला_सांगली
मिळाली की, झेरॉक्सवाल्याकडे, सुटी दिली त्याने. १६ सेट केलं, लॉगमधेही १६च आलं, सिस्टीमने लगेच घेतली, ट्रॅकही बरोबर दाखवतेय. काका आभार. आरडब्ल्यू आता कॉम्प्युटरवर ट्रायल घ्यायला ठेवतो. कॅसेटची खरखर कशी काढायची त्याचा वेगळा धागा काढतो, तिकडेही या.