गोरखचिंचेचं फळ खातात, आवडीने खातात

गोरखचिंचेचं फळ नुसतं शोभेचं, असं कुणीतरी लिहिलंय. ते मुळीच पटलं नाही. झाड मूळचं आफ्रिकेतल्या कोरड्या माळरानांवरचं, आणि तिथे हे फळ रोजच्या खाण्यातलं आहे. लांब देठाला लोंबणारं, दुधीसारखं, वर मखमली लव. टणक कवच फोडलं की आत बियांना चिकटलेला पांढरा, कोरडा, पिठूळ गर. जिभेवर ठेवला की विरघळतो आणि चांगलाच आंबट लागतो. 'क' जीवनसत्त्वही भरपूर. सेनेगलमध्ये गर भिजवून 'बुई' नावाचं सरबत करतात. केनियाच्या किनाऱ्यावर गरासकट बिया रंगीत पाकात घोळवून 'माबुयू' म्हणून विकतात. कोवळ्या पानांची भाजीही होते. आपल्याकडे वसईच्या किल्ल्यात ही झाडं आहेत. पिकून पडलेलं फळ मिळालं तर जरूर चाखून बघा.