विमानतळांमधलं अंतर सांगावं की वेळ?

वाटसरू
दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर मोजणारी ऑनलाइन साधनं किलोमीटर दाखवतात आणि त्याला 850 ने (विमानाचा ताशी किमीमधला सरासरी वेग) भागून खाली ‘प्रवासाचा वेळ’ छापून मोकळी होतात. माझ्या मते हा वेळ फसवा आहे आणि ते अंतरही प्रवाशाच्या कामाचं नाही. न्यूयॉर्क-लंडन घ्या. सुमारे 5,550 किमी. पूर्वेकडे जाताना सातेक तास, परतताना आठच्या आसपास, कारण वर पश्चिमेकडून जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरच्या जोरदार वाऱ्याचा पट्टा, वाहते. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वारा पाठीशी घेऊन एक बोइंग 747 हेच अंतर 4 तास 56 मिनिटांत कापून गेलं. किलोमीटर तेच. मग ते सांगायचे कशाला?

नकाशेबाज
उदाहरण पटलं, निष्कर्ष नाही. वारा रोज बदलतो, अंतर बदलत नाही, म्हणून मोजायचं अंतरच. युरोपीय संघाचा 261/2004 हा नियम पाहा. उड्डाण रद्द झालं किंवा फार उशीर झाला तर भरपाई 250, 400 की 600 युरो हे अंतरावर ठरतं. 1,500 आणि 3,500 किमी या त्यातल्या मुख्य सीमा. तेही पृथ्वीच्या गोलावरचं सर्वात जवळचं अंतर. मध्ये विमान बदललंत तरी मोजणी पहिल्या विमानतळापासून शेवटच्यापर्यंत सरळ.

वाटसरू
भरपाई मिळेल तेव्हा मिळेल! त्या जवळच्या वाटेने विमान जातं का, ते बोला. हेलसिंकी-टोकियो जेमतेम 7,800 किमी. 2022 मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. तुमच्या अंतराच्या रकान्यात मात्र एक आकडा हलला नाही.

नकाशेबाज
हलला नाही म्हणूनच वळसा केवढा पडला ते कळतंय ना?

खिडकीची_सीट
दोघेही हवेत आहात. तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो. विमान धावपट्टीपर्यंत रांगत जातं, उतरायची परवानगी मिळेस्तोवर घिरट्या घालतं, सगळं त्यातच. वर कंपन्या हातच्या म्हणून काही मिनिटं धरून ठेवतात. मागच्या प्रवासात आमचं विमान अर्धा तास उशिरा निघालं आणि पाच मिनिटं लवकर टेकलं. कप्तानाने केवढ्या थाटात सांगितलं! मग गेट रिकामं नाही म्हणून वीस मिनिटं तसेच बसून. त्यामुळे वाटसरू, तुमचा ‘खरा वेळ’ही कंपनीच्या सोयीचाच.

आणि भागाकाराची मजा बघायची असेल तर स्कॉटलंडमधल्या वेस्ट्रे-पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं उड्डाण घ्या. अंतर 2.7 किमी, वेळापत्रकात दोन मिनिटं, वारा अनुकूल असला तर मिनिटभरातही पोचतात. 850 ने भागलं तर साडेअकरा सेकंद.

वाटसरू
साडेअकरा सेकंद! हेच तर मी म्हणतोय.

नकाशेबाज
छोट्या पंख्याच्या विमानाला जेटचा वेग लावला तर असंच होणार, त्यात अंतराचा काय दोष? लांबच्या प्रवासाला माझा हिशेब साधा: 850 ने भागा, चढणं-उतरणं यासाठी वर अर्धा तास. लंडनचे सात तास येतात, टोकियोचे जुने साडेनऊही जवळपास जमतात.

वाटसरू
आणि परतीचे आठ?

नकाशेबाज
त्यासाठी वाऱ्याला विचारा. पण आधी भागायला किलोमीटर लागतीलच.




खिडकीची_सीट
आणि गेट रिकामं आहे का, तेही विचारून घ्या.